वाफ्यांचे धर्मबाप

इंजिनिअर ओयार्सो चिलीच्या दक्षिणेकडच्या चिलोए बेटावरचा. तिकडे वर्षभर पाऊस पडतो, आणि ज्या दिवशी पडत नाही त्या दिवशी लोक आजारी पडतात म्हणे. असा माणूस शेतकी केंद्राने काराउमाच्या वाळवंटात पिकांना तहानेची सवय लावायला पाठवला, तेव्हाच सातुर्निना उमिरेने ओळखलं की पाठवणाऱ्यांचं डोकं ठिकाणावर नाही. पण पोरगा गोड होता. उन्हाने नाक सोलून निघालं होतं, तरी टोपी घालायची विसरायचा. ज्या घरी जाईल तिथे वाढलेलं सगळं संपवायचा आणि वर पुन्हा मागायचा. त्यामुळे तिने त्याला आपलं नदीकाठचं शेत प्रयोगाला दिलं.

अर्थात नुसत्या गोडव्यावर कुणी शेत देत नाही. काराउमा म्हणजे खारं पाणी. गावाला नाव ठेवणाऱ्यांनी काही लपवलं नव्हतं. पण पूर्वी खारं का होईना, पाणी भरपूर होतं. आता नदी आटत चालली होती, मीठ तेवढंच राहिलं होतं, आणि पाटाच्या मंडळाने ठराव करून टाकला होता की पुढच्या वर्षीपासून प्रत्येकाला पाण्याची पाळी चौथाईच मिळणार. गेली दोन वर्षं सातुर्निनाच्या मक्याची कणसं निम्मी बोळकी निघत होती. तिची मुलगी नोएमी आरिका शहरात दातांच्या दवाखान्यात कामाला होती. तिने एक कणीस हातात घेऊन फिरवून पाहिलं.

"आमच्याकडे असे पेशंट येतात," ती म्हणाली. "आई, पुरे झालं आता. माझ्याकडे चल. तुझी खोली तयार आहे. पाचव्या मजल्यावरून समुद्र दिसतो."

"समुद्र कशाला बघू? तेही खारं पाणीच."

"मग काय खाणार आहेस इथे? मीठ?"

यावर सातुर्निना चिडली. शेवटी मायलेकींमध्ये करार झाला. एक हंगाम. पुढच्या वर्षी जेवढं पाणी मिळणार, तेवढंच या हंगामात शेताला द्यायचं, थेंबभर जास्त नाही. इंजिनिअर जी वाणं लावेल त्यातलं एक जरी त्या पाण्यावर दाण्याला आलं, तर पुढे तेच पेरायचं आणि सातुर्निना इथेच राहणार. नाही आलं, तर मेंढ्या विकून ती नोएमीबरोबर जाणार.

"पिकलं तर मी इथे मरेन," सातुर्निनाने स्पष्ट केलं, "नाही पिकलं तर पाचव्या मजल्यावर."

"दोन्हीकडे मरायचंच आहे का?"

"वयच तसं आहे, बाई."

ओयार्सोने दोऱ्या लावून वाफे पाडले आणि प्रत्येक वाफ्यात वेगळं बी टाकलं. सातू होता, राजगिरा होता, शेळ्यांसाठी खारं झुडूप होतं, ज्वारी नावाचं लांबच्या कुठल्या मुलखातलं धान्य होतं, ज्याच्याकडे सगळं गाव संशयाने बघत होतं. वरच्या मिठागरांच्या काठचा काळा किन्वा होता, बारीक दाण्याचं डोंगरी धान्य, दिसायला अगदीच दळभद्री. आणि मधल्या एका वाफ्यात गावातलाच, रोजचा टोमॅटो.

"हा कशाला?" सातुर्निनाने विचारलं.

"हा मरणार," ओयार्सो म्हणाला. "एवढ्या पाण्यात तो मेलाच पाहिजे. तो मेला की समजायचं, पाण्याचा ताण बरोबर बसला. मग बाकीचे जे जगतील ते खरे."

सातुर्निनाला हे पटलं. जगणाऱ्यांची परीक्षा घ्यायची तर कुणीतरी मरून दाखवायला हवं. मात्र हे तिने गावात कुणाला सांगितलं नाही, आणि ओयार्सोनेही नाही.

रोपं वीतभर झाली तोवर कार्निव्हल आला. कार्निव्हलच्या मंगळवारी शेताला पाजल्याशिवाय आमच्या काराउमात कुणी स्वतः पीत नाही. निदान पहिला घोट तरी. सगळं गाव ढोल-बासऱ्या घेऊन सातुर्निनाच्या शेतात उतरलं. ओयार्सोच्या तोंडाला कुणीतरी पावडर फासली होती, गळ्यात रंगीत कागदाच्या माळा होत्या आणि तो आपल्या बेटावरचा कुठला तरी नाच एकटाच नाचत होता. तेवढ्यात एदुविना सार्सुरीचं लक्ष वाफ्यांवरच्या खुंट्यांकडे गेलं. एदुविना दुकानवाली, नोएमीची धर्मआई, म्हणजे बाप्तिस्म्याच्या वेळी तिची जबाबदारी घेतलेली. त्या नात्याने ती आणि सातुर्निना एकमेकींना कोमाद्रे म्हणत आणि रोज भांडत.

"कोमाद्रे, हे आकडे कसले?"

"वाफ्यांचे नंबर."

"नंबर कैद्यांना असतात. यांचे धर्मबाप कोण?"

कुणीच नव्हते. आता काराउमात पोरांना धर्मबाप असतात, घरांना असतात, ट्रकला असतात, फुटबॉलच्या संघाच्या नव्या शर्टांनाही असतात. शेतातली लेकरं तेवढी अनाथ ठेवायची, हे पिऊन झालेल्या माणसांना सहन होण्यासारखं नव्हतं. लगेच वाटणी झाली. एदुविनाने टोमॅटो घेतला, कारण तो ओळखीचा होता. नोएमी कार्निव्हलसाठी आली होती, तिच्या वाट्याला सातू आला. ज्वारीसाठी दोघे भांडले, परदेशी पाहुणी म्हणून. प्रत्येकाने आपल्या वाफ्याच्या कोपऱ्यात वाइन ओतली, कोकाची पानं पुरली, खुंटीला कागदाची माळ बांधली आणि आयमारा बोलीत धर्मबापाचं वचन दिलं: हे लेकरू माझं, मी असेपर्यंत ते भुकेलं राहणार नाही, तहानलेलं राहणार नाही.

ओयार्सोला आयमाराचं अक्षर कळत नव्हतं. प्रत्येक वचनाला तो टाळ्या वाजवत होता.

सातुर्निनाला कळत होतं. पण ती त्या सगळ्या वाफ्यांची आई, म्हणजे तिला कुणाची धर्मआई होता येत नव्हतं. ती आपली सगळ्यांचे ग्लास भरत होती. आणि कार्निव्हलच्या शपथा बुधवारी उतरतात असा तिचा आजवरचा अनुभव होता.

शेवटी उरला काळा किन्वा. तो कुणालाच नको होता. तेव्हा मोय्ये झाडाच्या सावलीत झोपलेल्या तिबुर्सिओ ब्लासला हलवून उठवलं गेलं. तिबुर्सिओइतका वाईट धर्मबाप खोऱ्यात झाला नाही. धर्मपुत्राच्या लग्नाला तो पोचला तेव्हा नवरा-नवरीला मूल झालं होतं. ज्या ट्रकचा तो धर्मबाप, तो ट्रक विकला गेल्याचं त्याला विकत घेणाऱ्याकडून समजलं. माणूस वाईट नव्हता; त्याला फक्त पोचायला उशीर व्हायचा, कारण निघण्याआधी तो जरा पडायचा. त्या दिवशी मात्र त्याने डोळे चोळले, टोपी काढली आणि वचन सगळ्यांपेक्षा सावकाश, नीट म्हटलं. लोक हसले. तो पुन्हा सावलीत गेला.

मग रोज उठून ताण देणं सुरू झालं. पाळीच्या दिवशी सातुर्निना स्वतः दारं धरायची, ठरलेलं पाणी सोडायची आणि वाफे जेमतेम ओले झाले की फावड्याने माती ओढून पाट बंद करायची. हे तिला फार जड जायचं. आयुष्यभर तिने रोपाला पाणी पाजलं होतं, त्याच्या तोंडचं कधी काढलं नव्हतं. पाठ फिरवताना ती रोपांना उद्देशून पुटपुटायची, "माझ्याकडे बघू नका, त्या पावसाळ्या पोराकडे बघा." पण तिने एकदाही फसवलं नाही. पोटाला फसवता येत नाही हे तिला माहीत होतं. आज खोटं पीक बघून खूश झालो, तर पुढच्या वर्षी उपाशी आपणच राहणार.

आणि तरीही वाफे फोफावले. सातू कमरेला लागला. ज्वारी तर माणसाच्या डोक्यावरून बघायला लागली. ओयार्सो आधी खूश झाला, मग चक्रावला, मग त्याने शोध लावला की समुद्रावरून सकाळी येणारं धुकं ही रोपं पानांनी पितात. त्या आनंदात तो रोज पहाटे उठून धुक्यात उभा राहायचा आणि त्याला सर्दी झाली. गावकरी सारखे शेताकडे फिरकायचे, बहुतेक दुपारच्या जेवणानंतर, सातुर्निना घरी डुलकी घेत असताना. तिला त्याचं बरं वाटायचं. लोकांना आपलं शेत आवडतंय, एवढाच तिने अर्थ काढला. ती रोज थोडी थोडी आशेला लागली. मेंढ्या बघायला आलेल्या गिऱ्हाइकाला तिने दारातूनच हाकललं.

एकटा काळा किन्वा गुडघ्याएवढा राहिला. पानं करडी-जांभळी, मातीवर मिठाचा पापुद्रा. "तिबुर्सिओ, तुझं पोर बघ कसं दिसतंय," एदुविना म्हणायची.

"बापावर गेलंय," तिबुर्सिओ म्हणायचा आणि डोळे मिटायचा.

हिवाळ्यात टोमॅटो लाल झाले, तेव्हा ओयार्सोने पहिली पाहणी ठेवली. नोएमी सुट्टी काढून आली. गावाने कोकरू भाजलं, बटाटे उकडले, आणि सगळे धर्मबाप धुतलेले शर्ट घालून आपापल्या वाफ्यापाशी उभे राहिले, जसा काही पोरांचा शाळेचा निकाल आहे. ओयार्सो टोमॅटोच्या वाफ्यापाशी थांबला. एक टोमॅटो त्याने तोडला. तो त्याच्या मुठीत मावत नव्हता.

"हा मेला पाहिजे होता," तो म्हणाला.

"कोण?" एदुविनाने विचारलं.

"टोमॅटो. तो मरण्यासाठीच लावला होता."

एदुविनाने हातातली टोपली खाली ठेवली. "माझं लेकरू मरायला लावलं होतं? आणि माझ्याकडून त्याच्यावर वाइन ओतून घेतलीस? वर टाळ्या वाजवल्यास?"

"बाई, एवढ्या पाण्यात टोमॅटो जगतच नाही."

"एवढ्या पाण्यात कसा जगेल? मी काय मेले होते? दुपारी दुकान बंद केलं की रोज दोन बादल्या आणून घालते. नळाचं पाणी, गोड. तुमचं ते खारं नव्हे."

ओयार्सो मटकन बांधावर बसला. एदुविनाला वाटलं तो भारावून गेला. बाकीच्यांनाही तसंच वाटलं असावं, कारण लगेच ज्वारीवाला पुढे झाला आणि म्हणाला की दोन बादल्या म्हणजे काहीच नाही, तो गाढवावर पिंप लादून आणत होता. राजगिऱ्यावाल्याने सांगितलं की त्याने तर पाटाला रबरी नळी लावली होती. खाऱ्या झुडपाच्या धर्मआईने त्याला कपडे विसळलेलं पाणी दिलं होतं आणि आता तिला त्याची लाज वाटत होती. ही कबुली नव्हतीच, चढाओढ होती. त्या वर्षी चिलीच्या उत्तरेत इतकं पाणी दुसऱ्या कुठल्याही शेताला मिळालं नसेल.

सातुर्निना ऐकत होती. तिने नोएमीकडे पाहिलं, कारण करार तिच्याशी होता. नोएमी चपलेने माती उकरत होती.

"मी पण," नोएमी म्हणाली. "दर रविवारी. तू चर्चमध्ये असायचीस तेव्हा. आरिकाहून कॅन भरून आणायचे."

"तू? मग ती खोली कुणी तयार केली?"

"खोली मीच केली. पडदेसुद्धा लावले. पण सातूची धर्मआई पण मीच ना? आणि तुला काय वाटतं, मला माहीत नाही? तिथे आलीस की तू समुद्राकडे पाठ करून बसणार आणि मला रोज ती पाठ बघावी लागणार."

सातुर्निनाला रडू आलं, आणि ती रडली. लपवलं नाही. "अरे मूर्खांनो," ती म्हणाली, "पुढच्या वर्षी पाटाला चौथाई पाणी येईल, तेव्हा बादल्या कुठून भरणार आहात? माझ्या शेताला पाजाल की तुमच्या? मला एवढंच कळायला हवं होतं, की इथे जगता येतं का नाही. तेवढंही तुम्ही कळू दिलं नाहीत."

एदुविनाने टोपली उचलली आणि पुन्हा खाली ठेवली. इतक्या प्रेमाने कुणी कुणाचं वाटोळं केलं नसेल, आणि ते त्यांना आत्ता कळत होतं.

मग ज्वारीवाल्याला हसू फुटलं. "तिबुर्सिओचा वाफा," तो म्हणाला.

सगळ्या माना शेवटच्या वाफ्याकडे वळल्या. ओयार्सो बांधावरून उठून तिकडे धावलाच, गुडघे टेकून बसला, मातीवरचा मिठाचा पापुद्रा त्याने नखाने उचलला. तो अखंड होता. खुरटी रोपं होती, पण प्रत्येकाच्या डोक्यावर काळसर तुरा होता. त्याने एक तुरा चुरगळला. आत दाणे भरत आले होते, अजून दुधाळ, पण दाणे.

तिबुर्सिओ टोपी हातात घेऊन उभा होता. आपल्याकडे सगळे का बघतायत ते त्याला लगेच समजलं, आणि तो लाल झाला.

"काय बघताय?" तो म्हणाला. "मीही घातलं पाणी. रोज. दोन बादल्या."

गाव हसलं. "तू? बादली कुठे असते ते तरी माहीत आहे का?"

"मदर मेरीची शपथ. रोज येत होतो."

सातुर्निनाने ओयार्सोकडे पाहिलं. "माती काय म्हणते?"

"माती म्हणते पाळीव्यतिरिक्त पाणी पडलेलं नाही," ओयार्सो नाक पुसत म्हणाला. "पण बाई, मी धुक्यावरही विश्वास ठेवला होता. आता तिबुर्सिओ पाणी घातलं म्हणतायत, तर मी या वाफ्याला खरा कसा म्हणू? ते खोटं बोलतायत की नाही, हे मातीला विचारून चालणार नाही."

म्हणजे आता सगळं तिबुर्सिओच्या जिभेवर येऊन थांबलं. त्याने घातलं असेल, तर मेंढ्या, सामान, पाचवा मजला. घातलं नसेल, तर तिचं शेत. आणि घातलं नाही म्हणून सांगायचं, म्हणजे अख्ख्या गावापुढे कबूल करायचं की जे गाव आयुष्यभर म्हणत आलं तेच खरं. बाकी सगळ्यांनी वचन पाळून फसवलं होतं. हा एकटा खरा होता आणि फसवल्याची शपथ घेत होता.

सातुर्निना त्याच्यासमोर जाऊन उभी राहिली. चिडायचं तिने ठरवलं होतं, पण चिडता आलं नाही.

"तिबुर्सिओ, मला इथून जायचं नाही," ती म्हणाली. "मला भीती वाटते तिकडची. तू आलास का रे कधी?"

त्याने टोपी फिरवली. 

"यायचं होतं," तो म्हणाला. "या वेळी खरंच यायचं होतं, बाई. वचन मी मनापासून दिलं होतं. रोज जेवून निघायचो. बादली घेऊन. मोय्येच्या झाडापर्यंत यायचो. तिथे सावली असते."

"मग?"

"मग संध्याकाळ व्हायची."

आता गावाला आवरणं शक्य नव्हतं. एदुविना तर टोपलीवर वाकून हसत होती. तिबुर्सिओ तसाच उभा राहिला आणि हशा कमी झाल्यावर, कुणी विचारलं नव्हतं तरी, म्हणाला, "एकदाही पोचलो नाही. थेंबसुद्धा घातला नाही त्या पोराला."

सातुर्निनाने त्याचं तोंड दोन्ही हातांत धरलं आणि कपाळावर मुका घेतला. साठीच्या घरातल्या त्या माणसाला कशाबद्दल मुका मिळाला हे नीटसं कळलं नाही. तो रडवेला होऊन टोपीकडे बघत राहिला. ओयार्सो मात्र त्या खुरट्या रोपांपुढे लहान मुलासारखा रडत होता आणि सर्दीमुळे त्याला ते जमत नव्हतं.

नोएमी आईजवळ आली. तिने ओयार्सोच्या तळहातावरचे दुधाळ दाणे चाचपले. "कडक होतील ना हे?"

"दोन आठवड्यांत," ओयार्सो म्हणाला. "पण तोवर पाळीचं सोडून एक थेंब नाही. आत्ता कुणी पाणी घातलं तर सगळं फुकट."

"झाले कडक, की करार तू जिंकलीस," नोएमी आईला म्हणाली. तिने डोळे पुसले. "पडदे चांगले होते पण."

"ते इथे आण. माझ्या खिडकीला लाव."

दुसऱ्या दिवशी उजाडताना सातुर्निना शेतावर गेली, नुसती बघायला. वाफ्याच्या वरच्या बांधावरून कुणीतरी येत होतं. दाढी केलेली, शर्ट पांढरा, चाल तरतरीत. तिने ओळखलंच नाही. मग ओळखलं. तिबुर्सिओ ब्लास होता, आणि त्याच्या दोन्ही हातांत काठोकाठ भरलेल्या बादल्या होत्या.

"रात्रभर डोळ्याला डोळा लागला नाही," तो लांबूनच म्हणाला. "आयुष्यात पहिल्यांदा. सगळं गाव हसलं, बरोबरच हसलं. आजपासून चुकणार नाही, बाई. पोर माझं आहे."

सातुर्निनाने ढेकूळ उचललं आणि नेम धरून मारलं. ते त्याच्या पांढऱ्या शर्टावर फुटलं. तिने दुसरं उचललं.

"अरे, पण मी पाणी घालायला आलोय."

"म्हणूनच मारतेय. मागे हो. आणखी मागे." ती धापा टाकत होती. मग तिने हात जोडले, ढेकळासकट. "तिबुर्सिओ, बाबा, दोन आठवडे. दोन आठवडे तू जसा होतास तसाच राहा. जेव, निघ, सावलीत पड. त्यापुढे हवं तेवढं पाज त्याला, मी स्वतः बादल्या भरून देईन."

"म्हणजे मी काहीच करायचं नाही?"

"काहीच नाही."

तिबुर्सिओने बादल्या खाली ठेवल्या. झोप न झालेले त्याचे डोळे लालबुंद होते आणि टक्क उघडे होते.

"ते आता जमेलसं वाटत नाही," तो म्हणाला.

सातुर्निनाने त्याच्याकडे पाहिलं आणि तो खरं बोलतोय हे तिला पटलं. मग तिने बांधावर बैठक मारली, शेजारी ढेकळांचा ढीग रचला, आणि दाणा कडक होईपर्यंत ती तिथून हलली नाही.